‘ॲग्री’ कुठे आणि कसं वापरायचं: मराठीतून इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

‘आय ॲम ॲग्री विथ युवर प्रपोजल, आय विल साइन टुमॉरो.’ अशी वाक्यं नोकरीच्या ईमेलमध्ये, घरमालकाला पाठवलेल्या मेसेजमध्ये, सोसायटीच्या इतिवृत्तात सर्रास दिसतात. यातली ‘ॲम’ची चूक शाळेपासून सगळ्यांना सांगितली जाते, तरी ती जात नाही. पण जास्त नुकसान करते ती ‘विथ’ची चूक. लिहिणाऱ्याला प्रस्ताव स्वीकारायचा आहे आणि तो सांगतोय एवढंच, की प्रस्ताव मला बरा वाटतो. वाचणाऱ्याने पुन्हा विचारायचं, ‘म्हणजे तुमचा होकार समजू का?’

या चुका व्याकरणाचे नियम पाठ करून सुटत नाहीत. त्या सुटतात क्रम बदलल्यावर. आपण आधी इंग्रजी क्रियापद पकडतो आणि मग त्यापुढे ‘विथ’ लावू की ‘टू’ याचा अंदाज बांधतो. उलट करायला हवं: आधी मराठीत नेमकं काय म्हणायचंय ते ठरवायचं, म्हणजे पुढचा छोटा शब्द आपोआप ठरतो. मराठीकडे या एका इंग्रजी क्रियापदासाठी निदान सहा वेगवेगळी क्रियापदं आहेत. ती कामाला लावू.

## तयारी: ‘सहमत’ आणि ‘मान्य’ बाजूला ठेवा

कागदावर हे सहा शब्द लिहून घ्या आणि पुढचे काही दिवस लिहिण्याच्या जागी समोर ठेवा:

- पटणं
- होकार देणं किंवा तयार होणं
- ठरणं
- कबूल असणं
- जुळणं
- मानवणं

आता तुमचं वाक्य मराठीत म्हणा, पण ‘सहमत’ आणि ‘मान्य’ हे दोन शब्द न वापरता. ही अट महत्त्वाची आहे. हे दोन्ही शब्द चांगले आहेत, पण ते सगळीकडे चालतात आणि म्हणूनच इथे उपयोगाचे नाहीत. ‘मान्य’च बघा. ‘तुझं म्हणणं मान्य’ म्हणजे पटलं. ‘तुझी अट मान्य’ म्हणजे होकार दिला. ‘माझी चूक मान्य’ म्हणजे कबुली दिली. मराठीत एकाच शब्दाने तिन्ही भागतं. इंग्रजीत तिन्हींची वाक्यरचना वेगळी होते, आणि तिसऱ्या ठिकाणी तर क्रियापदच बदलतं.

थोडा सराव:

‘बाबा गाव सोडायला सहमत आहेत.’ म्हणजे तयार आहेत.
‘बाबा माझ्या मताशी सहमत आहेत.’ म्हणजे त्यांना माझं पटतं.
‘दोन्ही घरं तारखेवर सहमत आहेत.’ म्हणजे तारीख ठरली.

पडताळणी: सहापैकी दोन क्रियापदं तुमच्या वाक्यात सारखीच बसत असतील, तर अडचण इंग्रजीची नाही. तुम्हाला काय सांगायचंय हेच अजून ठरलेलं नाही. आधी ते ठरवा. पटलंय, की होकार द्यायचाय, की दोन्ही?

## पायरी 1: क्रियापदाचं रूप नीट करा

मराठीत ‘सहमत’ हे विशेषण आहे, म्हणून त्याला ‘आहे’ लागतं. तेच ‘आहे’ इंग्रजीत ‘ॲम’ होऊन घुसतं. ‘ॲग्री’ स्वतःच क्रियापद आहे. त्याला ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ची गरज नाही.

चूक: आय ॲम ॲग्री. शी इज ॲग्री. आर यू ॲग्री? आय ॲम नॉट ॲग्री.
बरोबर: आय ॲग्री. शी ॲग्रीज. डू यू ॲग्री? आय डोन्ट ॲग्री.

भूतकाळात ‘ॲग्रीड’. ‘डिड’ आलं की पुन्हा मूळ रूप: ‘ही डिड नॉट ॲग्री’. ‘डिड नॉट ॲग्रीड’ नाही.

‘मला पटतंय’ यातलं चालू वर्तमान इंग्रजीत न्यायचं नाही. ‘आय ॲम ॲग्रीइंग विथ यू’ हे भारतातल्या ऑफिसांत फार ऐकू येतं. इंग्रजीत मत असणं ही स्थिती मानतात, चालू असलेली क्रिया मानत नाहीत. त्यामुळे साधं ‘आय ॲग्री विथ यू’.

एका ठिकाणी मात्र ‘आर’ बरोबर असतं, आणि तिथेच शिकणाऱ्याचा गोंधळ उडतो. बैठकीच्या शेवटी अध्यक्ष विचारतात, ‘आर वुई ऑल ॲग्रीड?’ उत्तर येतं, ‘येस, वुई आर ॲग्रीड.’ इथे ‘ॲग्रीड’ हे विशेषणासारखं आलंय. अर्थ ‘आपल्या सगळ्यांचं एकमत झालंय’. एकमत व्हायला एकापेक्षा जास्त माणसं लागतात, म्हणून हे ‘वुई’ किंवा ‘दे’बरोबर शोभतं. एकट्याने ‘आय ॲम ॲग्रीड’ म्हणू नये.

स्पेलिंगही इथेच तपासून टाका. मूळ शब्दात ‘जी’ एकदाच आणि शेवटी ‘ई’ दोनदा. ‘आयएनजी’ लावताना दोन्ही ‘ई’ तशाच राहतात. ‘डिसॲग्री’मध्ये ‘एस’ एकच.

सावधान: ‘ॲम’ काढला की काम झालं असं समजून पुष्कळजण इथेच थांबतात. अर्थ ठरतो तो पुढच्या पायऱ्यांवर.

## पायरी 2: ‘पटलं’ असेल तर ‘विथ’

पटणं ही मनातली गोष्ट. पटलं म्हणून काही करायचं बंधन येत नाही. माणूस पटतो, मत पटतं, निर्णय पटतो, धोरण पटतं. या सगळ्यांपुढे ‘विथ’.

आय ॲग्री विथ यू.
आय ॲग्री विथ व्हॉट शी सेड.
आय डोन्ट ॲग्री विथ द डिसिजन.

‘आय ॲग्री यू’ असं ‘विथ’ गाळून लिहू नका. मराठीत आपण ‘तुझं पटतं’ म्हणतो, तिथे ‘शी’ प्रत्यय लागत नाही, त्यामुळे तो इंग्रजीतही गळून जातो.

माणूस आणि विषय दोन्ही सांगायचे असतील तर माणसाला ‘विथ’, विषयाला ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’: ‘आय ॲग्री विथ द डॉक्टर अबाउट द डाएट’.

एखादी वागणूकच पटत नसेल तर ‘विथ’पुढे क्रियापदाचं ‘आयएनजी’ रूप येतं. ‘मुलांना मारणं मला पटत नाही’ याला ‘आय डोन्ट ॲग्री विथ हिटिंग चिल्ड्रन’.

किती पटलं हे सांगताना ‘आय व्हेरी ॲग्री’ चालत नाही. ‘आय कम्प्लीटली ॲग्री’, ‘आय पार्टली ॲग्री’, ‘आय डोन्ट एन्टायरली ॲग्री’ ही वापरातली रूपं. शेवटचं विशेष उपयोगी आहे. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला नाही म्हणायचं असतं तेव्हा ‘पूर्णपणे पटत नाही’ हे मराठीत जितकं मऊ लागतं, तितकंच ते इंग्रजीतही लागतं.

आणि एक वाक्प्रयोग वाचताना फसवतो: ‘आय कुडन्ट ॲग्री मोअर’. त्यातलं ‘कुडन्ट’ बघून अनेकांना वाटतं समोरचा विरोध करतोय. अर्थ नेमका उलटा आहे. ‘याहून जास्त पटणं शक्यच नाही’, म्हणजे शंभर टक्के पटलं. कुणाच्या ईमेलमध्ये हे आलं आणि तुम्ही ‘सॉरी, लेट मी एक्सप्लेन’ म्हणून तीन परिच्छेद लिहिलेत, तर दोघांचाही वेळ जातो.

पडताळणी: वाक्यात ‘ॲग्री टू’च्या लगेच पुढे माणूस आलाय का? ‘ॲग्री टू यू’, ‘ॲग्री टू सर’? तर ते नक्की चूक. माणसापुढे ‘विथ’च.

## पायरी 3: ‘होकार दिला’ असेल तर ‘टू’

इथे तुम्ही काहीतरी स्वीकारता किंवा करायचं कबूल करता. मत काय आहे हा प्रश्नच नाही. याच्या दोन रचना आहेत.

पहिली, ‘टू’ आणि पुढे नाम. प्रस्ताव, अटी, विनंती, मागणी, योजना असलं काहीतरी:
द ओनर ॲग्रीड टू अवर रिक्वेस्ट.
आय ॲग्री टू द टर्म्स.

दुसरी, ‘टू’ आणि पुढे साधं क्रियापद:
ही ॲग्रीड टू पे हाफ द अमाउंट.
दे हॅव ॲग्रीड टू वेट टिल मंडे.

‘ॲग्रीड फॉर पेइंग’ आणि ‘ॲग्रीड टू पेइंग’ ही दोन्ही रूपं टाळा. ‘ॲग्रीड फॉर’ ही आपली खास सवय आहे. ‘पैसे द्यायला तयार झाला’ यातल्या ‘द्यायला’चं आपण ‘फॉर’ करतो.

आता पायरी 2 आणि 3 यांतला फरक पक्का बसण्यासाठी एकच वाक्य पाठ करा. पाठच करा, कारण पुढे शंका आली की हे एकटंच पुरतं:

‘आय डोन्ट ॲग्री विथ द रूल, बट आय हॅव ॲग्रीड टू फॉलो इट.’

नियम मला पटत नाही, पण तो पाळायचं मी कबूल केलंय. एकाच माणसाच्या तोंडी एकाच श्वासात नकार आणि होकार, आणि दोन्ही खरे. नोकरी करणाऱ्या कुणालाही ही परिस्थिती अनोळखी नसावी. सुरुवातीच्या वाक्यातली ‘विथ’ची चूक का खटकते तेही इथे कळतं. ‘ॲग्री विथ युवर प्रपोजल’ म्हणणारा प्रस्तावाचं कौतुक करून बाजूला झाला. ‘ॲग्री टू युवर प्रपोजल’ म्हणणारा त्यात सामील झाला.

या पायरीवर आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो.

एक, दुसऱ्याला परवानगी देणं. ‘आईने मला पुण्याला जायला होकार दिला.’ याचं ‘माय मदर ॲग्रीड मी टू गो टू पुणे’ होतं. चूक. ‘ॲग्री’पुढे असा माणूस ठेवता येत नाही. मधे ‘लेट’ घाला: ‘माय मदर ॲग्रीड टू लेट मी गो टू पुणे’. आई कशाला तयार झाली? जाऊ द्यायला. ते ‘जाऊ देणं’ इंग्रजीत म्हणावंच लागतं.

दोन, ‘ॲक्सेप्ट’शी सरमिसळ. ‘त्याने यायचं मान्य केलं’ याचं ‘ही ॲक्सेप्टेड टू कम’ करतात. ‘ॲक्सेप्ट’ला पुढे वस्तू लागते, तीही थेट: आमंत्रण, नोकरी, भेट, माफी. ‘ही ॲक्सेप्टेड द इन्व्हिटेशन’, पण ‘ही ॲग्रीड टू कम’. नाम असेल तर ‘ॲक्सेप्ट’चा विचार करा, क्रिया असेल तर ‘ॲग्री टू’.

पडताळणी: ‘टू’पुढचं वाचा. तिथे अट, प्रस्ताव, विनंती किंवा साधं क्रियापद आहे ना? मग पुढे चला.

## पायरी 4: ‘ठरलं’ असेल तर ‘ऑन’

ठरायला निदान दोन बाजू लागतात. भाडं ठरतं, तारीख ठरते, जागा ठरते.

वुई ॲग्रीड ऑन अ डेट.
दे कुड नॉट ॲग्री ऑन द रेंट.

भारतीय इंग्रजीतली एक ठळक चूक इथली आहे: ‘आय ॲग्री ऑन युवर पॉइंट’. एकट्याने कशावर काही ठरवता येत नाही. मुद्दा पटलाय ना? मग ‘आय ॲग्री विथ युवर पॉइंट’ किंवा ‘आय ॲग्री विथ यू ऑन दॅट पॉइंट’. दुसऱ्या वाक्यात ‘विथ यू’ आल्यामुळे दुसरी बाजू हजर झाली आणि ‘ऑन’ शोभलं.

ब्रिटिश वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना ‘दे ॲग्रीड अ प्राइस’ असं, पुढे काहीही न लावता, दिसेल. ब्रिटनमध्ये ते चालतं. अमेरिकेत ‘ऑन’ लावतात. ‘ऑन’ लावलं तर ते दोन्हीकडे चालतं, म्हणून लिहिताना लावावं.

‘ठरल्याप्रमाणे’ याला छोटा आणि नेमका शब्द आहे: ‘ॲज ॲग्रीड’. ‘ॲज ॲग्रीड, आय ॲम सेंडिंग द पेपर्स टुडे.’ पण हा जपून वापरा. साहेबांनी तारीख जाहीर केली असेल तर ती ‘फिक्स्ड’ आहे, ‘ॲग्रीड’ नाही. समोरच्याने कधी हो म्हटलंच नाही अशा तारखेला तुम्ही ‘द ॲग्रीड डेट’ म्हणालात, तर पहिलं उत्तर येईल, ‘कधी ठरली?’ भाड्याच्या आणि कामाच्या ठेक्याच्या पत्रव्यवहारात या एका शब्दावरून भांडण पेटतं.

### इतिवृत्त लिहिणाऱ्यांसाठी

सोसायटीचे किंवा संस्थेचे सचिव ‘ऑल मेंबर्स वेअर ॲग्री’ लिहितात. इंग्रजी इतिवृत्तात नेहमीची रचना ‘इट वॉज ॲग्रीड दॅट...’ अशी सुरू होते. ‘सर्वानुमते ठरले’ असेल तर ‘इट वॉज युनॅनिमसली ॲग्रीड दॅट...’. मतदान होऊन बहुमताने मंजूर झालं असेल तर ‘ॲग्रीड’ लिहूच नका. तिथे ‘द रेझोल्यूशन वॉज पास्ड बाय अ मेजॉरिटी’. ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांनी होकार दिला अशी नोंद होणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि पुढे तक्रार झाली तर हीच नोंद पुढे येते.

## पायरी 5: ‘कबूल आहे की...’ असेल तर ‘दॅट’

पूर्ण वाक्य जोडायचं असेल तर ‘दॅट’: ‘आय ॲग्री दॅट द वर्क इज लेट’. बोलताना ‘दॅट’ गाळला तरी चालतो.

फक्त एक भेद ठेवा. स्वतःचा दोष कबूल करायचा असेल तर इंग्रजीत ‘ॲडमिट’ येतं. ‘त्याने पैसे घेतल्याचं मान्य केलं’ याला ‘ही ॲडमिटेड टेकिंग द मनी’. तिथे ‘ही ॲग्रीड दॅट ही टुक द मनी’ लिहिलं तर, कुणीतरी आधी म्हणालं की पैसे यानेच घेतले आणि यानेही मान डोलावली, असं काहीसं ऐकू येतं. चौकशीच्या अहवालात हा फरक मोठा असतो.

## पायरी 6: कर्ता माणूस नसेल तर

‘जुळणं’ आणि ‘मानवणं’ यांचे कर्ते वस्तू असतात, आणि कशाशी किंवा कुणाला ते सांगायचं असेल तर दोन्हींना ‘विथ’च लागतं.

हिशोब जुळतो: ‘युवर फिगर्स डोन्ट ॲग्री विथ माइन.’ दोन साक्षीदारांची हकिकत जुळत नाही: ‘देअर स्टेटमेंट्स डू नॉट ॲग्री.’ चेकवर अक्षरी आणि आकडी रक्कम जुळायला हवी, तिथेही हेच क्रियापद. (ती जुळली नाही तर काय, हे 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 18 मध्ये आहे: अक्षरी रक्कम धरायची.)

खाणं मानवतं: ‘मला कोळंबी मानवत नाही’ याला ‘प्रॉन्स डोन्ट ॲग्री विथ मी’. इथे कर्ता कोळंबी. उलट करून ‘आय डोन्ट ॲग्री विथ प्रॉन्स’ म्हटलंत तर कोळंबीची मतं तुम्हाला पटत नाहीत असा अर्थ होतो. मराठीतही कोळंबीच मानवत नाही, आपण ‘मला’ असतो. तेव्हा हा क्रम तसाच्या तसा उचला. हवेलाही हे चालतं: ‘द सी एअर ॲग्रीज विथ हर’, तिला समुद्राची हवा मानवते. खाण्याच्या बाबतीत हे बहुतेक नकारातच येतं, हे लक्षात ठेवा. मानवणाऱ्या पदार्थाबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

व्याकरणातही क्रियापद कर्त्याशी ‘ॲग्री’ होतं. मराठीत कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माकडे वळतं: ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’. इंग्रजीत ते कर्त्याला कधीच सोडत नाही. त्यामुळे ‘वन ऑफ माय फ्रेंड्स ॲग्रीज’, कारण कर्ता ‘वन’ आहे. शेजारचं ‘फ्रेंड्स’ बघून ‘ॲग्री’ करू नका.

## पायरी 7: नकार आणि प्रश्न

‘डिसॲग्री’ हे फक्त ‘पटत नाही’ यासाठी आहे. ‘तयार नाही’ यासाठी नाही. म्हणून ‘डिसॲग्री विथ’ आणि ‘डिसॲग्री ऑन’ किंवा ‘अबाउट’ बरोबर. ‘ही डिसॲग्रीड टू कम’ चूक. यायला नकार दिला तर ‘ही रिफ्यूज्ड टू कम’, आणि सौम्यपणे ‘ही डिड नॉट ॲग्री टू कम’.

‘लेट अस ॲग्री टू डिसॲग्री’ यात मात्र ‘टू डिसॲग्री’ आलंय. तिथे ‘टू’ पहिल्या ‘ॲग्री’चं आहे: आपलं पटत नाही हे आपण दोघांनी स्वीकारू आणि वाद थांबवू.

यापुढचा सापळा बोलण्यातला आहे आणि तो मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. समोरचा विचारतो, ‘डोन्ट यू ॲग्री?’ किंवा ‘यू डोन्ट ॲग्री, डू यू?’ मराठीत ‘तुला पटत नाही ना?’ याला आपण ‘हो, नाही पटत’ म्हणतो. म्हणजे तू म्हणतोस ते बरोबर आहे, मला पटत नाही. इंग्रजीत ‘येस’ म्हटलं की पटलं, ‘नो’ म्हटलं की पटलं नाही. प्रश्न कसा विचारला याच्याशी संबंध नाही. परदेशातल्या सहकाऱ्यांशी फोनवर बोलताना एकट्या ‘येस’ने होकार गेला आणि पुढे काम सुरू झालं, असं खरंच होऊ शकतं.

सावधान: अशा प्रश्नाला नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ देऊन थांबू नका. पूर्ण वाक्य बोला: ‘येस, आय डू ॲग्री’ किंवा ‘नो, आय डोन्ट ॲग्री’.

सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्येही तोच घोळ होतो. ‘स्ट्राँगली ॲग्री’पासून ‘स्ट्राँगली डिसॲग्री’पर्यंत पाच चौकोन असतात आणि मधेच एक विधान नकारात्मक येतं: ‘द टीचर डझ नॉट एक्सप्लेन क्लिअरली’. शिक्षक चांगलं शिकवत असतील तर इथे ‘डिसॲग्री’वर खूण हवी. वरून खाली एकाच रांगेत खुणा करत गेलात की चांगल्या शिक्षकाला वाईट शेरा मिळतो.

आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी एक ओळ. लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नात ‘टू व्हॉट एक्स्टेंट डू यू ॲग्री ऑर डिसॲग्री?’ असं वारंवार येतं. किमान 250 शब्द लिहायचे असतात. पहिल्याच परिच्छेदात पूर्ण पटतं, काही अंशी पटतं की पटत नाही, हे स्पष्ट लिहा आणि शेवटपर्यंत त्यावर ठाम राहा. दोन्ही बाजू मांडून आपलं मत गुलदस्त्यात ठेवणं म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं.

## पायरी 8: लेखी होकार देताना

आतापर्यंतच्या चुकांनी फार तर गैरसमज होतो. इथली चूक पैशात मोजावी लागते.

भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 13 नुसार दोन किंवा अधिक व्यक्तींनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच संमती झाली असं म्हणतात. ‘एकाच अर्थाने’ यावर जोर आहे. तुम्ही ‘आय ॲग्री’ लिहिलंत आणि मनात मेंटेनन्स धरून भाडं होतं, घरमालकाच्या मनात मेंटेनन्स वेगळा होता, तर शब्द जुळले आणि संमती झालीच नाही. म्हणून लेखी होकारात ‘आय ॲग्री’ एवढंच लिहू नका. कशाला, ते त्याच वाक्यात लिहा: रक्कम, तारीख, त्यात काय धरलंय.

कलम 7 म्हणतं की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. गप्पांमध्ये ‘आय ॲग्री, बट...’ हे सभ्य बोलणं आहे. लेखी प्रस्तावाच्या उत्तरात ‘आय ॲग्री, बट द डिपॉझिट शुड बी लेस’ हा स्वीकार ठरत नाही. तो तुमच्याकडून गेलेला नवा प्रस्ताव ठरतो, आणि आता हो-नाही म्हणायची पाळी समोरच्याची. तुम्ही मात्र घर पक्कं झालं समजून टेम्पो ठरवता. बदल हवा असेल तर तो प्रस्ताव म्हणूनच मांडा: ‘आय प्रपोज अ लोअर डिपॉझिट. द अदर टर्म्स आर फाइन.’

‘ईमेलवरचं काय एवढं’ असंही समजू नका. करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून तो निष्फळ ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 10 अ सांगतं. अजून बांधून घ्यायचं नसेल तर तसं शब्दांत म्हणा: ‘वुई ॲग्री इन प्रिन्सिपल, सब्जेक्ट टू अ रिटन ॲग्रीमेंट’. ‘इन प्रिन्सिपल’ म्हणजे तत्त्वतः. यातल्या ‘प्रिन्सिपल’चं स्पेलिंग शेवटी ‘एलई’. ‘एएल’ लिहिलंत तर कॉलेजचे प्राचार्य किंवा मुद्दल होतं.

घराबाबत महाराष्ट्रात आणखी एक लक्षात ठेवा. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. तेव्हा मेसेजवर ‘ॲग्रीड’ आलं तरी नोंदणी होईपर्यंत काम अर्धवटच.

पडताळणी: पाठवण्याआधी वाक्य वाचून विचारा: हे वाचून समोरच्याने उद्या पैसे मागितले तर मी देणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर वाक्यात अट किंवा ‘इन प्रिन्सिपल’ राहून गेलंय.

## एक ईमेल दुरुस्त करून पाहू

नोकरीच्या ऑफरला आलेलं हे नमुन्याचं उत्तर:

‘डिअर सर, आय ॲम ॲग्री ऑन युवर ऑफर. आय डिसॲग्री टू जॉइन ऑन 1 जून. माय कंपनी ॲग्रीड मी टू लीव्ह ऑन 15 जून. प्लीज ॲग्री.’

एकेक वाक्य मराठीत आणा. पहिलं: पगार आणि अटींना होकार. म्हणजे ‘टू’, आणि ‘ॲम’ बाहेर. दुसरं: 1 जूनला येता येणार नाही. हे मत नाही, अडचण आहे. ‘डिसॲग्री’ आणि ‘रिफ्यूज’ दोन्ही नकोत, साधं ‘कॅनॉट’ पुरे. तिसरं: कंपनी सोडायला तयार झाली. ‘ॲग्रीड टू’ आणि पुढे ‘रिलीज’. चौथं: दोघांनी मिळून नवी तारीख ठरवायची आहे. म्हणजे ‘ऑन’, आणि हुकमाऐवजी प्रश्न. ‘प्लीज ॲग्री’ मराठीतल्या ‘कृपया मान्य करा’सारखं नम्र लागत नाही, कशाला होकार द्यायचा हेही त्यात नाही.

‘डिअर सर, थँक यू फॉर द ऑफर. आय ॲग्री टू द सॅलरी अँड द अदर टर्म्स. आय कॅनॉट जॉइन ऑन 1 जून, ॲज माय प्रेझेंट एम्प्लॉयर हॅज ॲग्रीड टू रिलीज मी ऑन 15 जून. कुड वुई ॲग्री ऑन 16 जून ॲज द जॉइनिंग डेट?’

या ईमेलमध्ये ‘आय ॲक्सेप्ट द ऑफर’ मुद्दाम लिहिलेलं नाही. रुजू होण्याची तारीख बदलल्यामुळे कलम 7 च्या हिशोबाने हा अजून पूर्ण स्वीकार नाही. 16 जून या तारखेसाठी त्यांचा लेखी होकार आला की दुसरा ईमेल करा, त्यात ‘आय ॲक्सेप्ट’ म्हणा आणि तारीख पुन्हा लिहा. जुन्या नोकरीचा राजीनामा अजून हातात असेल, तर तो त्यानंतर द्या.